रविवारची सहल आणि शहराचे कर्तव्य

मृगाचे चार शिंतोडे पडले न पडले तोच पुण्यातील घराघरांतून एक प्रश्न विचारला जाऊ लागतो : या रविवारी कोठे जावयाचे? प्रश्न वरवर पाहता अगदी घरगुती आहे. मुले हट्ट धरतात, वडील सबबी सांगतात, आजी गुडघ्यांकडे बोट दाखविते आणि अखेर दशम्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या आणि एक सतरंजी घेऊन सारे कुटुंब बाहेर पडते. अशा कौटुंबिक बाबीसाठी दैनिकाच्या पहिल्या पानावरील जागा खर्ची घालावी काय, असे एखाद्या वाचकास वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत दोन रविवार असे उगवले की, त्यांनी हा प्रश्न घराच्या उंबरठ्याबाहेर आणून थेट शहराच्या चावडीवर उभा केला आहे.

३० जून २०२४ हा त्यांतील पहिला. हडपसर भागातील एक मोठे कुटुंब लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यावर गेले होते. पाणी एकाएकी वाढले. प्रवाहाच्या मध्यावर एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली माणसे काठावरच्या शेकडो डोळ्यांदेखत वाहून गेली आणि त्यांतील एक स्त्री व चार मुले असे पाच जीव गेले. दुसरा रविवार १५ जून २०२५ चा. तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल वर्षाविहारास आलेल्या माणसांच्या गर्दीने भरला आणि कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले, पन्नासाच्या घरात माणसे जखमी झाली. पूल धोक्याचा आहे हे ठाऊक नव्हते असे नव्हे. तशी सूचना देणारी पाटी तेथे होती. पाटी होती आणि पूलही उघडा होता, यातच आपल्या कारभाराचे सारे मर्म आले.

या दोन्ही प्रसंगी जी माणसे गेली ती साहस करावयास निघालेली नव्हती. ती सहलीस गेली होती. आठवड्याचे सहा दिवस कष्ट करून सातव्या दिवशी मुलाबाळांसह मोकळा वारा खावा एवढीच त्यांची इच्छा होती. या इच्छेची किंमत प्राणांनी द्यावी लागत असेल, तर सहल हा केवळ करमणुकीचा विषय राहत नाही. तो पाणीपुरवठा, रस्ते आणि शाळा यांच्याच पंक्तीला येऊन बसतो.

पूर्वसूरींनी काय दिले?

पुणे शहरास सहलीची हौस नवी नाही आणि ती पुरविण्याची दृष्टीही नवी नाही. पर्वती आणि तिच्या १०३ पायऱ्या, त्या पर्वतीच्या पायथ्याचे तळे, त्या तळ्यात सवाई माधवरावांच्या काळात १७८४ मध्ये स्थापन झालेला गणपती, कात्रजचा तलाव आणि तेथून शहरास पाणी आणणारे नानासाहेबांच्या कारकीर्दीतले नळ, ही सारी पेशवाईची देणगी. तळे पुढे आटविले गेले व तेथे सारसबाग झाली; ‘तळ्यातला गणपती’ हे नाव मात्र पाण्यावाचूनही टिकून राहिले.

महानगरपालिका १९५० मध्ये स्थापन झाली आणि तीनच वर्षांनी, १९५३ मध्ये, पेशवे उद्यान मुलांसाठी उघडले गेले. १९५६ मध्ये त्यात ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली. त्या वेळी शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आतबाहेर होती. नव्या महापालिकेपुढे अडचणी काय थोड्या होत्या? तरीही मुलांना वाघ पाहावयास मिळावा आणि आगगाडीत बसावयास मिळावे, ही गोष्ट त्या काळच्या कारभाऱ्यांना क्षुल्लक वाटली नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुणेकरास फुलराणीचे नाव घेताच चेहऱ्यावर जे हसू येते, ते कोणत्याही मानपत्राहून मोलाचे आहे.

पुढे उद्यानातील प्राणी १९९९ मध्ये कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आले. तेथे त्यांना ऐसपैस जागा मिळाली व तो निर्णय योग्यच होता. परंतु शहर वाढण्याचा वेग आणि मोकळ्या जागा वाढण्याचा वेग यांची जोडी त्यानंतर पार फुटली. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीतील वस्ती एकतीस लाखांवर गेली. त्यानंतर २०१७ मध्ये अकरा व २०२१ मध्ये तेवीस गावे शहरात आली. या गावांतून इमारती उभ्या राहिल्या, त्यांना पाश्चात्त्य नगरांची भारदस्त नावे मिळाली. पण संध्याकाळी आजोबांनी नातवाचे बोट धरून चालत जावे अशी बाग त्यांच्या वाट्यास क्वचितच आली. ज्या कुटुंबास घराजवळ हिरवळ नाही, ते रविवारी पन्नास कोसांवरही हिरवळ शोधीत जाईल. धरणावरील व गडावरील गर्दीचा उगम हा असा शहरातच आहे.

काखेत कळसा

तथापि सारा दोष मोकळ्या जागांच्या तुटवड्यावर ढकलणेही न्यायाचे होणार नाही. पुण्याच्या कुशीत आणि परिसरात एका दिवसात सुखाने पाहून येण्याजोगे इतके आहे की, एखाद्या कुटुंबाने महिन्यातून एक रविवार राखून ठेवला तरी दोन-तीन वर्षे पुरावे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी मात्र आपली गत झाली आहे.

शहरातच पाहावयाचे म्हटले तर राजा दिनकर केळकर संग्रहालय घ्या. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ ते उभारले आणि १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केले. वीस हजारांहून अधिक वस्तू तेथे आहेत. राजेरजवाड्यांच्या शस्त्रांपेक्षाही तेथील अडकित्ते, दिवे, वज्रऱ्या, करंड्या आणि कोरीव दरवाजे मुलांना अधिक रमवितात, असा आमचा अनुभव आहे; कारण त्यांना पाहताच सोबतची आजी बोलू लागते. आणि आजीस बोलके करणारे संग्रहालय हे कोणत्याही शाळेहून कमी नाही. आता पिंपरी-चिंचवडकडील कुटुंबासही मंडईपर्यंत मेट्रोने येता येते. भुयारातून आगगाडीने जावयाचे ही मुलांच्या दृष्टीने निम्मी सहल तर प्रवासातच झाली.

नगर रस्त्यावरील आगाखान राजवाडा १८९२ चा. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४४ च्या मे महिन्यापर्यंत गांधीजी तेथे बंदिवान होते. महादेवभाई देसाई यांनी १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबांनी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच देह ठेवला. मागील बाजूस त्यांच्या समाध्या आहेत. झाडांच्या सावलीत त्या शांत आवारात अर्धा दिवस घालविल्यावर पाठ्यपुस्तकातील ‘चले जाव’चा धडा मुलांस वेगळा शिकवावा लागणार नाही. याखेरीज भर वस्तीतील आठव्या शतकाचे पाताळेश्वराचे लेणे आहे, जानेवारीतील पुष्पप्रदर्शनाने गजबजणारी एम्प्रेस बाग आहे, सिंहगड रस्त्यावर जपानी धर्तीचे पु. ल. देशपांडे उद्यान आहे. वेताळ टेकडी, तळजाई आणि हनुमान टेकडी या तर पुणेकरांच्या फुप्फुसांच्याच जागी आहेत. पहाटे टेकडीवर जाऊन, मोराचा केकारव ऐकून, नऊच्या आत घरी परत येणे ही एका पैचाही खर्च नसलेली सहल होय.

शहराबाहेर पडावयाचे झाल्यास आमची पहिली शिफारस लोहमार्गाची. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीस उतरावे. तेथून भाजे गाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेले तेथील चैत्यगृह आणि स्तूपांचा समूह पाहावा. मार्गाच्या दुसऱ्या बाजूस कार्ल्याचे लेणे आहे. तेथील चैत्यगृह सुमारे पंचेचाळीस मीटर लांब असून या प्रकारच्या लेण्यांत ते सर्वांत मोठे गणले जाते. त्याच्या छताला असलेल्या लाकडी कमानी जवळजवळ दोन हजार वर्षांच्या आहेत. दगड टिकतो हे मुलांस ठाऊक असते. परंतु लाकूडही इतके टिकले हे पाहून त्यांचे डोळे विस्फारतात. पायांत बळ असलेल्यांसाठी शेजारीच लोहगड आहे. जुलै २०२५ मध्ये ज्या बारा मराठा दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत लोहगड, राजगड आणि शिवनेरी हे आपल्याच जिल्ह्यातील तीन आहेत.

जुन्नरकडे वळल्यास शिवजन्माचा शिवनेरी आणि त्याच वाटेवर, नारायणगावानजीक खोडद येथे, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ती बनली आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती सर्वसामान्यांस पाहावयास मिळते. त्या दिवशी आसपासच्या खेड्यांतील शाळकरी मुले आपापले प्रयोग मांडून उभी असतात, त्यांस शहरातील मुलांनी अवश्य भेटावे. एकाच दिवशी तीनशे-चारशे वर्षांचा इतिहास आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी यांची गाठ पडावी, असे भाग्य किती शहरांच्या वाट्यास येते? दक्षिणेस जेजुरीचा खंडोबा आहे, सासवड आहे, भुलेश्वराचे शिल्पवैभव आहे. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात माळरानावर चिंकारा दिसतो, ज्याने हरिण फक्त पिंजऱ्यात पाहिले त्या मुलास तो अवश्य दाखवावा.

अडते कोठे?

मग इतके असताना सारी गर्दी भुशी, सिंहगड आणि खडकवासल्याची चौपाटी या तीन-चार ठिकाणीच का लोटते? याचे एक कारण आपली मेंढरांची चाल हे आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अन्यत्र सहज जाता येत नाही आणि गेल्यावर तेथे माणसासारखे राहता येत नाही.

स्वतःचे चारचाकी वाहन नसलेल्या गृहस्थाचे उदाहरण घ्या. पतिपत्नी, दोन मुले, वृद्ध आई. त्यास भुलेश्वरास जावयाचे असेल तर जाणारी गाडी मिळेल, परंतु येणारी मिळेल काय, या चिंतेतच त्याचा निम्मा दिवस सरतो. सुट्टीच्या दिवसांसाठी परिवहन महामंडळाने पर्यटन बसगाड्या सुरू केल्या आहेत, त्याबद्दल त्यास आम्ही धन्यवाद देतो. परंतु ठराविक फेरी आणि माणशी निराळे भाडे हा पाहुण्यांसाठीचा थाट झाला. पाच माणसांच्या घरास हवी असते ती साधी, नेहमीच्या दराची, वेळेवर सुटणारी आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी खात्रीने परतणारी बस.

दुसरी अडचण उच्चारावयास लोक संकोचतात, म्हणून ती आम्हीच उच्चारतो. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे नाहीत. जेथे आहेत तेथे पाणी नाही आणि जेथे पाणी आहे तेथे दाराला कडी नाही. परिणामी घरातील स्त्री सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणी पिणेच टाळते. सर्वांसाठी पहाटे उठून डबे भरणारी ती आणि दिवसभर तहानलेली राहणारीही तीच. ज्या सहलीत आई सुखी नाही, ती कुटुंबाची सहल म्हणावयाची कशी?

तिसरी अडचण कारभाराची. भुशीचेच पाहा. धरण रेल्वेचे, मागील डोंगर वनखात्याचा, गर्दी आवरणे पोलिसांचे आणि कचरा उचलणे नगरपरिषदेचे. चार खात्यांची सत्ता आणि जबाबदारी मात्र एकाचीही नाही, असा हा प्रकार आहे. अपघात घडला म्हणजे हे चारही चेंडू एकमेकांच्या अंगणात जाऊन पडतात. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थेची तरुण मंडळी दोर घेऊन रात्री-अपरात्री दरीत उतरतात व माणसे वर काढतात. त्यांच्या निःस्वार्थ सेवेस आमचे वंदन असो. परंतु स्वयंसेवकांच्या छातीवर भार टाकून शासनाने स्वस्थ झोपावे, हे शोभणारे नाही.

बंदी हा उपाय नव्हे

प्रत्येक दुर्घटनेनंतर जिल्हा प्रशासन मनाईहुकूम काढते. २०२४ च्या दुर्घटनेनंतरही तो निघाला. ऐन प्रसंगी अशा हुकुमाची गरज असते, हे आम्ही नाकारीत नाही. पुराच्या पाण्यात उतरण्याचा हक्क कोणी मागत नाही. परंतु जावयाचे कोठे हे न सांगता जावयाचे नाही एवढेच सांगणारा हुकूम लोक दोन आठवडे पाळतात आणि तिसऱ्या रविवारी आडवाटेने आत शिरतात. आडवाट तर अधिकच धोक्याची असते.

साताऱ्याजवळील कास पठाराचा कित्ता येथे गिरविण्याजोगा आहे. फुलांच्या हंगामात तेथे दररोज मोजक्याच लोकांना, आगाऊ नोंदणी करून, प्रवेश दिला जातो आणि भोवतालच्या गावांतील माणसेच व्यवस्था पाहतात. फुलांचे रक्षण होते, गावास रोजगार मिळतो आणि पाहणारासही निवांतपणे पाहता येते. फुलांसाठी जे साधते, ते मुलांच्या प्राणांसाठी साधू नये काय?

सिंहगडावर असा एक प्रयत्न झाला होता. मे २०२२ मध्ये खासगी वाहनांस घाटात बंदी करून विजेवर चालणाऱ्या बसगाड्या सुरू करण्यात आल्या. कल्पना उत्तम होती. परंतु गाड्या अपुऱ्या, वळणे अवघड आणि पूर्वतयारी तोकडी, यामुळे काही दिवसांतच तो बेत गुंडाळावा लागला. आमची तक्रार प्रयोग फसला याबद्दल नाही. फसलेल्या प्रयोगातील उणिवा दूर करून तो पुन्हा नेटाने केला गेला नाही, याबद्दल आहे.

यास्तव आमच्या मागण्या थोड्या आणि सरळ आहेत. प्रत्येक सहलीच्या ठिकाणी एकच उत्तरदायी अधिकारी असावा आणि त्याचे पद व दूरध्वनी तेथील फलकावर लिहिलेले असावेत. जेथे जेवढी माणसे सामावतील तेवढीच आत सोडावीत व मोजणी पायथ्याशीच करावी. धोक्याचा पूल पाटी लावून नव्हे, तर वाट बंद करून बंद करावा. पावसाळ्यातील चार महिने पाण्याच्या प्रत्येक ठिकाणी गावातीलच प्रशिक्षित जीवरक्षक वेतनावर नेमावेत. पाणी, स्वच्छतागृह, सावली आणि प्रथमोपचार या चार गोष्टींवाचून कोणत्याही स्थळास ‘पर्यटनस्थळ’ म्हणण्यास शासनानेच मनाई करावी. आणि महापालिकेने नव्याने आलेल्या प्रत्येक गावात, इमारतींना परवानगी देण्यापूर्वी, एका बागेची जागा राखून ती खरोखर बाग म्हणूनच वाढवावी. आराखड्यातील हिरव्या रंगाखाली मुलांना खेळता येत नाही.

आपलेही काही आहे

शासनास चार शब्द सुनावल्यावर नागरिकांस दोन सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पाणी म्हणजे काय हे या शहराने पाहिले आहे. ज्या घरांतील भिंतींवर पुराच्या खुणा दाखवीत आजोबांनी गोष्टी सांगितल्या, त्याच घरांतील नातवंडांनी छायाचित्रासाठी धबधब्याच्या तोंडाशी उभे राहावे, हे विस्मरण चिंताजनक आहे. एक गोष्ट प्रत्येक आईबापाने मुलांस सांगून ठेवावी : आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या डोंगरावर पडलेली सर काही क्षणांतच खाली येते. पाणी गढूळ झाले, त्यातून काटक्या-पाचोळा वाहू लागला किंवा आवाज बदलला, की त्याच क्षणी काठ गाठावा. सामानाकडे वळूनही पाहू नये. गुडघाभर वाहते पाणीदेखील शेवाळलेल्या खडकावर धडधाकट माणसास आडवे करते. प्रवाहाच्या मध्ये बसून जेवण्यात गंमत वाटत असेल, तर तीच गंमत काठावरील झाडाखालीही येते आणि डबाही कोरडा राहतो.

तसेच दोन हजार वर्षांच्या लेण्यावर आपले नाव कोरून कोणी अमर झाल्याचे ऐकिवात नाही. गडावरील पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही यांचा आस्वाद जरूर घ्यावा, भाकरी थापणाऱ्या बाईस मोबदला देताना घासाघीस करू नये आणि आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा. कर्णकर्कश गाणी लावल्याने पक्षी उडून जातात आणि शेजारी बसलेले कुटुंबही उठून जाते. मुले आपले बोलणे विसरतात, परंतु आपण सहलीत कसे वागलो हे विसरत नाहीत.

१९५३ मध्ये पाच लाखांच्या शहराने आपल्या मुलांसाठी एक उद्यान उभारले. आज कितीतरी पटींनी मोठ्या आणि शतपट श्रीमंत झालेल्या या शहराने आपल्या मुलांसाठी काय केले, असे उद्या कोणी विचारील. मनाईहुकुमांची भेंडोळी आणि शोकप्रस्ताव हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. पावसाळा कोणाची वाट पाहत थांबत नाही व येणारा रविवार तर अवघ्या काही दिवसांवर आहे. त्या सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणारे प्रत्येक कुटुंब संध्याकाळी चिखलाने माखलेले, दमलेले, पण पुरतेपणी घरी परतले पाहिजे. एवढी हमी देता येण्याजोगी व्यवस्था उभारणे शासनास, महापालिकेस आणि आपणा सर्वांस अशक्य नाही. ती या पावसाळ्यापासूनच उभी राहावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.